मिस्तरीनबाईचा डोंगा

धामणगाव बढ्यात तुळशीराम मिस्तरीचं घर कुणाला विचारायची गरज पडत नाही. बसस्टँडवर उतरायचं, कान द्यायचा आणि हातोडीच्या आवाजामागं चालत सुटायचं. तरी एखाद्यानं पानठेल्यावर विचारलंच, तर पानठेलेवाला आधी दात काढतो आणि मग सांगतो, "थो डोंगेवाला? गावच्या नाल्यात बकरीचे खूर भिजत नाईत अन् हा बुवा डोंगे करून राह्यला! जा सरळ. ज्याच्या अंगनात पानी नाई अन् डोंगा हाय, थेच घर."

डोंगा म्हणजे लहान नाव. बारा फूट लांब, एकानं वल्हं मारावं आणि दुसऱ्यानं जाळं टाकावं, एवढीच. धरण गावापासून दहा किलोमीटरवर. त्या धरणाच्या काठच्या भोयांसाठी तुळशीरामनं चाळीस वर्षांत एकेचाळीस डोंगे केले. आता त्याचं वय बहात्तर. कंबर वाकली, पण खिळ्यावरचा नेम अजून चुकत नाही. स्वभाव म्हणाल तर लोण्याचा. कुणी दारात येऊन दोन रडकी वाक्यं बोललं की मिस्तरी विरघळलाच म्हणून समजा. त्याची बायको सत्यभामाबाई, सारं गाव तिला मिस्तरीनबाई म्हणतं. तिला या लोण्याचा जन्मभर जाच झाला, आणि ही गोष्ट त्या जाचाचीच आहे.

तुळशीराम मूळचा बैलगाड्या करणारा. बापानं हातात लाकूड तासायचा वाकस दिला तो गाडीच्या चाकांसाठी. पुढं ट्रॅक्टर आले, गाड्या गोठ्यामागं उभ्या राहून सडल्या आणि मिस्तरीच्या अंगणात गवत वाढायला लागलं. अशात एक दिवस धरणाकाठचा गुलाबराव भोई आला आणि म्हणाला, "मिस्तरी, गाडी करता तसा एक डोंगा करून द्या ना." तुळशीरामनं तोवर डोंगा जवळून पाहिलादेखील नव्हता. पण जातिवंत सुताराला 'मले येत नाई' असं म्हणताना जीभ जड होते. तो म्हणाला, "हाव, त्यात काय!"

झालं. गाडीच्या कामाचा एकच धर्म. लाकूड खडखडीत वाळलेलं पाहिजे आणि सांधा असा घट्ट बसला पाहिजे की मधून केस जाऊ नये. तुळशीरामनं तोच धर्म डोंग्याला लावला. फळीला फळी अशी चिकटून बसवली की बघणाऱ्यानं बोट फिरवत राहावं. गुलाबराव खूश. नारळ फुटला, डोंगा पाण्यात गेला, गुलाबराव ऐटीत मधोमध जाऊन बिडी पेटवून बसला. आता वाळलेलं सागवान पाण्यात गेलं की पाणी पिणार, पाणी पिऊन फुगणार, हे शेंबड्या पोराला कळतं. पण गाडीवाल्याच्या डोक्यात ते कुठून यावं? लाकूड फुगलं आणि फुगायला तर जागाच ठेवलेली नाही! तासाभरात खिळे तडातड उपसून निघाले, फळ्या कमानीसारख्या वाकल्या आणि गुलाबराव ओली बिडी तोंडात धरून पोहत काठाला आला. वर हसत म्हणाला, "मिस्तरी, गाडी चांगली होती."

तुळशीराम दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी अंगणात उताणा पडून घराच्या छपराकडं बघत होता. सत्यभामाबाई लग्न होऊन आली त्याला तेव्हा आठ वर्षं झालेली. तिनं ताट आणून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "अवो, वर पाहूनच राह्यले तर नीट पाहा ना. कवेलू कसे रचले? एकाच्या कडेवर दुसरा. घट्ट हायेत काय? तापतात, हलतात, तरी पानी आत येते काय? फळीवर फळी काऊन नाई चढवत तुमी?"

तुळशीराम ताडकन उठला. ताटातली भाकर त्यानं उभ्या उभ्या संपवली. खालच्या फळीच्या कडेवर दोन बोटं वरची फळी चढवायची, दोन्हीतून खिळा आरपार काढायचा आणि त्याचं टोक आतून वळवून पुन्हा लाकडात रुतवायचं. मग लाकूड फुगलं तर फुगो बापडं, फळी फळीवर सरकून जागा करून घेते. दुसरा डोंगा असा झाला आणि तो अठरा वर्षं चालला. हे सगळं सांगताना तुळशीराम आजही सुरुवात करतो, "मले एक दिवस सुचलं का..." आणि तेवढ्यात आतून भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज येतो. मग तो घाईघाईनं म्हणतो, "म्हंजे, आमच्या घरात सुचलं."

पण फळीवर फळीचं हे काम एकट्यानं होत नाही, हे त्याच्या लवकरच ध्यानात आलं. बाहेरून खिळा ठोकताना आतून कुणीतरी तीन किलोचा लोखंडी ठोकळा दोन्ही हातांनी त्या जागेवर दाबून धरावा लागतो. खिळ्याचं टोक त्या लोखंडावर आपटतं, वळतं आणि उलट फिरून लाकडात घुसतं. ठोकळा जरा हलला की खिळा तिरका जातो आणि फळी उभी चिरते. आत बसायला माणूस अंगानं लहान हवा, हातानं घट्ट हवा आणि मुख्य म्हणजे उठून पळून न जाणारा हवा. सत्यभामाबाई ठोकळा घेऊन आत बसली. ती जी बसली ती पुढच्या प्रत्येक डोंग्यात बसली.

तो बाहेर, ती आत, मधे फळी. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही आणि हातोडीच्या दणक्यात बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून ती ठोकळ्यानंच आतून सांगायची. एक ठोका म्हणजे मी तयार, मारा. दोन ठोके म्हणजे थांबा. तीन ठोके सुतारकामाच्या कोणत्याच शास्त्रात नाहीत, ते सत्यभामाबाईनं स्वतः काढले. तीन म्हणजे चहा. एकदा पोराच्या शाळेवरून दोघांत असं वाजलं की आठ दिवस शब्द नाही. त्या आठ दिवसांत डोंग्याची एक अख्खी बाजू पुरी झाली, निव्वळ एक आणि दोन ठोक्यांवर. नवव्या दिवशी आतून तीन ठोके आले. तुळशीराम मुकाट्यानं चूल पेटवायला गेला आणि भांडण मिटलं.

फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात बसते, तीही तिच्याच हातची. देवापुढं लावतात तशीच, पण करंगळीएवढी जाड, राळेत आणि जवसाच्या तेलात भिजवलेली. मग डोंगा अंगणातच पाण्यानं भरून दोन दिवस ठेवायचा. याला मिस्तरी 'पानी पाजनं' म्हणतो. आधी डोंग्याला पोटभर पाजायचं, तो कुठं गळतो ते बघायचं, गळणं बंद झालं की मगच त्याला धरणावर न्यायचं. पहिल्या डोंग्यानं केलेली फजिती तो विसरला नव्हता.

आणि धरणावर एक रीत. तिथल्या भोयांची जुनी. पाण्यावर गेलेल्या नव्या डोंग्यात पहिला पाय मालकाचा, आणि तोही उजवा. डोंगा विकला की करणाऱ्यानं त्यात पाय ठेवायचा नाही, पहिल्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. ठेवला तर डोंग्याला करणाऱ्याची ओढ लागते, तो सारखा काठाकडं तोंड करतो, असं ते मानतात. तुळशीरामनं ही रीत मनापासून पाळली. नवरा-बायको काठावर उभे राहायचे, नारळ फोडायचे, डोंगा लांब जाईस्तोवर बघायचे आणि पाचच्या एसटीनं परत यायचे.

म्हणजे बघा, ही बाई चाळीस डोंग्यांत महिनोन् महिने बसली. त्यातला इंच अन् इंच तिला ठाऊक. पण पाण्यावर? एकदाही नाही.

पाचव्या की सहाव्या डोंग्याच्या वेळी परतताना एसटीत ती म्हणाली होती, "अवो, पान्यावर गेल्यावर आत कसं वाटत असन?" तुळशीराम म्हणाला, "पुढचा तुहा. देवाशप्पथ." पुढचा झाला, पण एका भोयाचा डोंगा पुरात वाहून गेला होता, त्याची लेकरं अंगणात येऊन उभी राहिली. त्यापुढचा झाला, तो गुलाबरावच्या जावयाला गेला. कधी कुणाचं लग्न, कधी कुणाचं मरण, कधी कुणी नुसतंच गोड बोललं. प्रत्येक वेळी तुळशीराम मान खाली घालून घरात यायचा आणि म्हणायचा, "पुढचा तुहा." ती म्हणायची, "बरं." बस, एवढंच. चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला कितीदा वाटलं. तिचं ते 'बरं' त्याचं काळीज कुरतडायचं, पण पुढच्या वेळी दारात रडकं तोंड दिसलं की पुन्हा तेच.

मागच्या दसऱ्याच्या चार दिवस आधी सत्यभामाबाई पाण्यानं भरलेला मोठा गंज उचलायला वाकली आणि तो हातातून सुटला. तिनं परत उचलायला हात पुढं केला, तर हात आलाच नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बुलढाण्याच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. जीव वाचला, वाचाही बरीचशी परत आली, पण उजवा हात लोंबता राहिला आणि उजवा पाय ओढत चालायची वेळ आली. मुलगा कुलदीप संभाजीनगरला कंपनीत, तो रजा घेऊन आला. म्हणाला, "बाबा, आता हे ठोकाठोक बंद करा. दोघंही चला आमच्याकडे." तुळशीराम ऐकून घेत होता. त्याची नजर वर आढ्याला बांधून ठेवलेल्या सागवानी फळ्यांवर होती. शेवटच्या एका डोंग्यापुरत्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या खाली काढल्या आणि खाटेजवळ जाऊन बसला. "कुलदीपची माय, आता 'पुढचा' म्हनत नाई. हा तुहा."

सत्यभामाबाईनं अर्ध्या तोंडानं हसून म्हटलं, "हे लई येळा आइकलं, मिस्तरी."

काम सुरू झालं. खाट अंगणात निंबाखाली आणली, म्हणजे तिला दिसावं. पहिल्या चार फळ्या बसवायला कुलदीप ठोकळा घेऊन आत बसला. पोरगा ताकदीचा, मनानं चांगला, पण त्याला ठोक्यांची भाषा कुठं येत होती? तुळशीराम बाहेर हातोडी उगारून आतल्या ठोक्याची वाट बघत राहायचा आणि आत कुलदीप म्हणायचा, "मारा ना बाबा, कवाचा धरून बसलो!" एकदा कुलदीपचा मोबाईल वाजला, ठोकळा सरकला आणि इकडं हातोडी पडली. चर्र आवाज झाला आणि चौथ्या फळीला वीतभर चीर गेली. कुलदीपचं तोंड एवढंसं झालं. तुळशीराम चिरेवरून अंगठा फिरवत राहिला. खाटेवरून सत्यभामाबाई म्हणाली, "थिगळ लावा. माह्या अंगालेही आता थिगळच हाय." मग कुलदीपची रजा संपली, तो गेला आणि डोंगा अर्धवट उभा राहिला.

संक्रांत झाली आणि कलाबाई आली.

कलाबाई गुलाबरावची सून. पंचेचाळिशीची, उन्हानं रापलेली, बोलायला फटकळ. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. तेव्हापासून एकटी पाण्यावर जाते, जाळं टाकते आणि मोताळ्याच्या बाजारात मासोळी विकून दोन पोरींना शिकवते. तिच्याकडं फायबरचा डोंगा होता. तो पाण्याखालच्या बाभळीच्या खुंटावर बसला आणि तळाला फुटला. ती आली, पाणी प्यायली आणि तिनं विचारलं, "मिस्तरी, एखादा डोंगा होईन काय?" विचारता विचारता तिची नजर निंबाखाली गेली.

तुळशीरामनं म्हणायला हवं होतं, हा द्यायचा नाही. पण तो म्हणाला, "आतून धरनारं कोनी नाई ना."

"धरते की मी," कलाबाई म्हणाली. "हात हायेत माहे." पोरींना बहिणीकडं ठेवून ती धामणगावात राहायलाच आली.

खाटेवरून सत्यभामाबाईनं तिला शिकवलं. एक म्हणजे मारा. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे चहा. कलाबाई दोन दिवसांत तयार झाली. ठोकळा असा धरायची की खिळ्याचं टोक हरीण वळावं तसं गर्रकन वळून लाकडात शिरायचं. दुपारी सत्यभामाबाई एकट्या डाव्या हातानं मांडीवर वात वळायची. पहिल्या वाती सापासारख्या वाकड्यातिकड्या झाल्या. तिनं त्या सोडवल्या आणि परत वळल्या. तुळशीराम हे सगळं बघायचा, काम पुढं सरकताना बघायचा आणि दिवसेंदिवस अवघडत जायचा.

कारण कलाबाई मागत नव्हती. मागितलं असतं तर एक वेळ नाही म्हणता आलं असतं. ती सकाळी उठून सत्यभामाबाईची वेणी घालायची, भाकरी टाकायची, दिवसभर ठोकळा धरायची आणि डोंग्याचं अवाक्षर काढायची नाही. तुळशीरामच्या मनात मात्र नको ते विचार यायचे. हिचं पोट पाण्यावर. दोन पोरी. आणि कुलदीपच्या मायला हवी एक फेरी! एका फेरीसाठी अख्खा डोंगा काठावर सडवायचा? एक फेरी तर कलाबाईही घडवून आणील. मग लगेच त्याला वाटायचं, अरे निर्लज्जा, चाळीस वर्षं जिला 'पुढचा पुढचा' करत टोलवलंस, तिच्या पायातलं बळ गेलं तरी तुझा हिशेब संपत नाही? स्वतःची लाज वाटून तो हातोडी जरा जास्तच जोरात मारायचा, आणि आतून लगेच दोन ठोके यायचे.

माघ निम्मा सरला तेव्हा डोंगा पुरा झाला. अंगणात त्याला पाणी पाजलं. दोन दिवसांत कुठं टिपूस नाही, फक्त त्या चौथ्या फळीच्या थिगळाशी एक थेंब धरायचा आणि पडायचा. सत्यभामाबाईनं आपली सगळ्यात सरळ झालेली वात दिली. ती तिथं बसवली आणि थेंब थांबला.

त्या दिवशी दुपारी कलाबाई हौदावर हातातली राळ धूत होती. तुळशीराम खाटेच्या कडेवर येऊन बसला. टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "कुलदीपची माय, मी काय म्हनत होतो का..."

"नाई," सत्यभामाबाई म्हणाली.

"आधी आइक तर..."

"नाई म्हनलं ना." दवाखान्यातून आल्यापासून तिचा एवढा स्पष्ट आवाज त्यानं ऐकला नव्हता. "येवढे डोंगे गेले, मी एका शब्दानं बोलली नाई. तुमी लोकाहीची गरज पाहून देत गेले, मले बी बरं वाटे. खोटं काऊन बोलू? मनातून अभिमानच वाटे. पन दरवक्ती मले वाटे, या मानसाले साऱ्या जगाची गरज दिसते अन् फळीच्या आत बसलेली बायको तेवढी दिसत नाई. हा डोंगा माहा हाय. एकदा तरी मले मालकीन होऊ द्या."

बोलता बोलता तिच्या ओढलेल्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली आणि डोळ्यांतून पाणी. तुळशीरामनं आपल्या धोतराच्या सोग्यानं दोन्ही पुसलं. चाळीस वर्षांचं 'बरं' एका दमात परत आलं होतं आणि ते खरं होतं. तो नुसता तिचा लोंबता हात मांडीवर घेऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

हौदावरून कलाबाईनं सगळं ऐकलं होतं. ती पदराला हात पुसत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मिस्तरी, मी मागितला काय तुमाले हा डोंगा?"

"नाई माय, तू नाई मागितला. पन..."

"मंग कायले मनाले लावून घेता? मले तं कवाचंच समजलं हा कोनाचा हाय थे. मासोळीवालीच्या डोंग्याले कोन पाठ टेकाले पाटी लावते? अन् थेही गाडीच्या जुन्या फळीची, हात फिरवून फिरवून गुळगुळीत केलेली? आत बसलेल्याले सारं दिसते, मिस्तरी. बाहेरच्यालेच दिसत नाई." मग ती सत्यभामाबाईकडं वळली. "मी तुमच्यासाठी धरला ठोकळा, मावशी. माह्यासाठी पुढचा करा म्हना त्याहिले."

'पुढचा' हा शब्द ऐकला आणि सत्यभामाबाईला हसू फुटलं. अर्ध्या तोंडाचं, पण अंग हलेपर्यंत.

तीन दिवसांनी सकाळी डोंगा ट्रॉलीत चढला. कुलदीपही रजा टाकून आला. धरण काठोकाठ भरलेलं होतं आणि वारा पडलेला होता. भोयांच्या वस्तीतली दहापंधरा माणसं काठावर जमली. म्हातारा गुलाबराव काठी टेकत आला आणि म्हणाला, "मिस्तरी, आज बिडी पेटवू का नको?" सगळे हसले. डोंगा पाण्यात सोडला, कलाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून त्याची कड धरून राहिली.

आता पहिला पाय मालकाचा, आणि उजवा. सत्यभामाबाईचा उजवा पाय तर उचलतच नव्हता. कुलदीप म्हणाला, "माय, मी उचलून आत ठेवतो तुले." गुलाबराव म्हणाला, "डावा ठेव वो, चालते." सत्यभामाबाईनं दोघांनाही हातानंच गप्प केलं. ती कुलदीपच्या खांद्याला धरून पाण्यात उतरली आणि डोंग्याच्या कडेवर टेकली. डाव्या हातानं उजव्या पायाचा घोटा धरला, पाय उचलला, तो मधेच निसटला. परत धरला. तुळशीरामचे हात आपोआप पुढं झाले आणि त्यानंच ते मागं घेतले. तिसऱ्या खेपेला पाय कडेवरून आत गेला आणि फळीवर टेकला. सत्यभामाबाईनं श्वास सोडला आणि म्हणाली, "ठेवला."

ती सरकत जाऊन पाटीला पाठ टेकून बसली. तोंड धरणाकडं. मांडीवर तिनं पिशवी घेतली होती, तिच्यात काय आहे ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कलाबाई वल्हं घेऊन पुढं जाऊन बसली. नारळ फुटला. तुळशीराम डोंग्याच्या मागच्या टोकाला दोन्ही हात लावून पाण्यात उभा राहिला. त्याला तिचं तोंड दिसत नव्हतं, फक्त अंबाडा दिसत होता. तो बाहेर, ती आत. त्यानं जोर लावला.

ठक. ठक.

तुळशीराम जागच्या जागी थबकला. चाळीस वर्षांची सवय, दोन ठोके म्हणजे हात आपोआप थांबणार. पिशवीतून तिनं लोखंडी ठोकळा काढला होता.

"काय झालं वो?" त्यानं विचारलं.

"तुमी कुठी राह्यले?" मान न वळवता सत्यभामाबाई म्हणाली. "चढा."

"मी कसा चढू? करनाऱ्यानं नाई चढत. रीत हाय."

"इकलेल्या डोंग्यात नाई चढत. हा कुठी इकला?"

काठावर गुलाबराव आधी हसला. मग म्हणाला, "बाई बरोबर बोलून राह्यली. चढ ना बे तुळशीराम!" तुळशीराम तसाच उभा. बेचाळीस डोंगे केले, पण त्यालाही कुठं माहीत होतं पाण्यावर आत कसं वाटतं? तिचं राहिलं म्हणून जन्मभर मन खात राहिलं, पण आपलंही राहिलंय हे त्याच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. ओलं धोतर सावरत तो चढला. डोंगा डुलला, तसं त्यानं घाबरून तिचा खांदा धरला. "बसा गुमान," ती म्हणाली, आणि पाटीला धरून जराशी बाजूला सरकली. त्यानं पाटी दोघांपुरती रुंद केली होती, का ते त्याचं त्यालाही माहीत नसावं.

कलाबाईनं वल्हं मारलं. काठ मागं गेला, माणसं लहान झाली. मधोमध आल्यावर सत्यभामाबाईनं तिला थांबायला सांगितलं आणि म्हणाली, "कलाबाई, डोंगा माहा हाय. पन मले काई मासोळ्या धराच्या नाईत. तू चालव. दर बुधवारी मले फेरी माराची."

कलाबाईचं वल्हं पाण्यात तसंच राहिलं. ती म्हणाली, "अन् तुमी... म्हंजे पुढंमागं..."

"म्या मेल्यावर? तवा बी माहाच. माहा डोंगा तू चालवून राह्यली, असं सांगजो लोकाहीले."

"सांगीन," कलाबाई म्हणाली, आणि तोंड फिरवून उगाचच वल्ह्याला लागलेलं गवत काढत बसली.

वारा हलकासा सुटला. लाटा आल्या, अगदी बारक्या. फळीवर फळी चढलेली असली की लाट प्रत्येक कडेला अडखळत वर येते आणि आतल्याला तिचा आवाज ऐकू येतो. ठप. ठप. ठप. सत्यभामाबाईनं कान दिला. थिगळाच्या फळीवर तिनं डावा तळवा ठेवला. बाहेरून काहीतरी तिच्या तळव्यावर येऊन लागत होतं, थांबत होतं, पुन्हा लागत होतं.

"बाहीरून कोन ठोकून राह्यलं वो?" तिनं विचारलं.

तुळशीरामनं कडेवरून खाली वाकून बघितलं. "पानी," तो म्हणाला. "मी तं आत हाय."

सत्यभामाबाईनं मांडीवरचा ठोकळा डाव्या हातानं उचलला, त्या फळीला आतून टेकवला आणि एक ठोका दिला.